गणवेशातील स्त्री आणि स्मरणाचा प्रश्न : कृष्णवर्णीय स्त्री-सैनिक व महायुद्धकालीन मुंबई

मराठी वैचारिक लेखनाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे आकर्षण दीर्घकाळ राहिले आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडून घेतले. पुढे जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याचा व संस्कृतीचा पद्धतशीर परिचय मराठी वाचकाला करून दिला. दलित आणि कृष्णवर्णीय यांची तुलना ही आज मराठी समीक्षेतील एक रुळलेली वाट आहे.

या वाटेवर एक जागा मात्र बराच काळ रिकामी राहिली. तुलनेसाठी निवडले गेलेले नायक बहुतेक पुरुष होते. कवी, पँथर, नेता आणि विशेषतः सैनिक अशी ही प्रतिमाने होत. लष्करी सेवेचा मुद्दा दोन्ही समाजांच्या आत्मभानात मध्यवर्ती आहे. कोरेगावचा स्तंभ, सुभेदार रामजी सकपाळ यांचा लष्करी वारसा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना बंद झालेली भरती, पहिल्या महायुद्धात उभी राहून लवकरच मोडली गेलेली पलटण आणि १९४१ साली बेळगाव येथे स्थापन झालेली महार रेजिमेंट ही साखळी मराठी वाचकाला परिचित आहे. ज्याने देशासाठी शस्त्र उचलले त्याला नागरिकत्व नाकारता येत नाही, हा युक्तिवाद अमेरिकेतील कृष्णवर्णीय पलटणींनीही केला. पण शस्त्र उचलणारा पुरुष गृहीत धरला की त्या युक्तिवादाने मिळणारे नागरिकत्वही आधी पुरुषाचेच ठरते, याकडे तुलनाकारांचे लक्ष गेले नाही.

प्रस्तुत लेखात त्या रिकाम्या जागेचा विचार केला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात काम केलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया आणि त्याच काळात मुंबईत गणवेश घातलेल्या किंवा गणवेशाच्या बंदुकीसमोर उभ्या राहिलेल्या स्त्रिया यांच्या स्मरणाची तुलना येथे अभिप्रेत आहे. सेवा केल्याने वारसा आपोआप निर्माण होत नाही. त्यासाठी सेवा करणारीचा स्वतःचा शब्द लागतो, आणि तो शब्द आपला मानणारा समाज लागतो. मुंबईच्या बाबतीत या दोहोंची गाठ कधी पडली नाही आणि त्याची किंमत पुढील पिढीला कायद्याच्या दारात मोजावी लागली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

एका अधिकारी स्त्रीचे आत्मकथन

१९८९ या एकाच वर्षी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. अमेरिकेत चॅरिटी ॲडम्स अर्ली यांचे ‘वन वुमन्स आर्मी’ हे आत्मकथन आले, तर मुंबईत ‘स्त्री उवाच’ प्रकाशनाने उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाविषयीचे पुस्तक काढले. हा योगायोगच. तरीही दोन्ही पुस्तकांमागील प्रेरणा सारखी आहे. ज्या लढ्याचा इतिहास लिहून झाला आहे असे समजले जात होते, त्यात ‘आम्हीही’ होतो असे या पुस्तकांना सांगायचे होते.

चॅरिटी ॲडम्स या साउथ कॅरोलायनातील एका धर्मोपदेशकाच्या कन्या, पेशाने शिक्षिका. १९४२ च्या जुलैमध्ये आयोवातील फोर्ट डे मॉइन येथे स्त्री-अधिकाऱ्यांच्या पहिल्या प्रशिक्षण वर्गात त्या दाखल झाल्या. तेथेही कृष्णवर्णीय उमेदवारांची राहण्याची व जेवणाची सोय वेगळी होती. १९४५ च्या प्रारंभी त्यांच्याकडे ६८८८व्या मध्यवर्ती टपाल बटालियनचे नेतृत्व आले. युरोपात पाठविण्यात आलेले कृष्णवर्णीय स्त्रियांचे हे एकमेव मोठे पथक होते. त्यातील स्त्रियांची संख्या ८५५ अशी सांगितली जाते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे त्यांच्यापुढे टपालाचे डोंगर साचले होते. न तापविलेल्या गोदामांत, रंगवून काळ्या केलेल्या खिडक्यांआड, उंदरांनी कुरतडलेल्या पुडक्यांमध्ये तीन पाळ्यांत अहोरात्र काम चालले. एकाच नावाचे हजारो सैनिक. काही पाकिटांवर केवळ टोपणनाव. काही पत्रे अशा सैनिकांच्या नावे की जे तोवर मारले गेले होते. सहा महिन्यांचे म्हणून दिलेले काम तीन महिन्यांत पुरे झाले आणि पथक फ्रान्समधील रुआँ येथे हलविण्यात आले.

या आत्मकथनाचे वाङ्मयीन वैशिष्ट्य त्याच्या कोरड्या, जवळजवळ कार्यालयीन निवेदनात आहे. वर्णभेदाचे प्रसंग लेखिका आदेश, तक्रार, उत्तर आणि निकाल अशा क्रमाने मांडते. तपासणीस आलेल्या एका सेनाधिकाऱ्याने पथक कसे चालवावे हे दाखवायला गोरा लेफ्टनंट पाठवू अशी धमकी दिली, तेव्हा आपल्या जिवात जीव असेतो ते घडणार नाही असे उत्तर त्यांनी दिले. लष्करी न्यायालयाचा धाक घालण्यात आला. त्यांनी उलट त्या अधिकाऱ्यावरच वांशिक भेदावर भर देणारी भाषा वापरल्याचा आरोप ठेवण्याची तयारी केली. प्रकरण तेथेच मिटले. लंडनमध्ये रेड क्रॉसने कृष्णवर्णीय स्त्री-सैनिकांसाठी स्वतंत्र हॉटेल सजविले, तर तेथे कोणी राहू नये असे त्यांनी आपल्या स्त्रियांना पटविले. दयेची याचना किंवा क्षोभाचा उद्रेक या दोन्ही सुरांपासून हे लेखन दूर राहते.

तरीही या पुस्तकात एक अंतर्विरोध आहे, आणि त्यामुळेच ते पुनःपुन्हा वाचावेसे वाटते. वेगळे हॉटेल नाकारणारी ही स्त्री ज्या पथकाचे नेतृत्व करत होती ते पथकच मुळात वेगळे काढलेले होते. वेगळेपणाच्या धोरणाने तिला अधिकार दिला आणि त्या अधिकाराने ती वेगळेपणाशी लढली. राखीव जागा, स्वतंत्र वसतिगृहे, स्वतंत्र मतदारसंघ यांविषयीचे वाद ज्या समाजाने अनुभवले आहेत त्या समाजातील वाचकाला हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. ॲडम्स तो तात्त्विक पातळीवर सोडवत नाहीत. पथकाची शिस्त व कामाची गती यांच्या बळावर त्या त्यातून मार्ग काढतात. समीक्षकाला हे अपुरे वाटू शकेल, पण कृतीच्या पातळीवर ते पुरेसे होते.

पुस्तक आले तेव्हा युद्ध संपून चव्वेचाळीस वर्षे झाली होती. मान्यता त्याहूनही उशिरा आली. २०१८ मध्ये फोर्ट लेव्हनवर्थ येथे स्मारक झाले. २०२२ मध्ये पथकाला काँग्रेसचे सुवर्णपदक देणारा कायदा झाला. २०२४ च्या अखेरीस टायलर पेरी यांचा ‘द सिक्स ट्रिपल एट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. हा वारसा तरीही स्थिर नाही. २०२३ साली व्हर्जिनियातील फोर्ट ली या तळाला ग्रेग-ॲडम्स असे नाव दिले गेले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा फोर्ट ली झाले. फलक उतरवता येतो. छापलेले पुस्तक तेवढ्या सहजतेने मागे घेता येत नाही.

चित्रपटाविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. मूळ आत्मकथनात जिथे कामाची यंत्रणा आहे तिथे चित्रपटात एका युवतीचा प्रियकर, त्याचा मृत्यू आणि त्याचे हरवलेले पत्र आहे. त्या युवतीचे पात्र खऱ्या व्यक्तीवर आधारलेले असले तरी कथेचा भार सेवेकडून शोकाकडे सरकतो. स्त्रीने युद्धात केलेले काम प्रेक्षकाला पटविण्यासाठी आधी तिचे हृदय भंगलेले दाखवावे लागते, ही चित्रपटसृष्टीची जुनी समजूत येथेही सुटलेली नाही.

मुंबई, १९४२

१९४२ च्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानात ‘विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर (इंडिया)’ हे दल स्थापन झाले. युद्ध संपेपर्यंत त्यात दहा हजारांहून अधिक स्त्रियांनी काम केले. त्यांत ब्रिटिश, अँग्लो-इंडियन आणि भारतीय स्त्रिया होत्या. कारकुनी, टेलिफोन, बिनतारी संदेश, सांकेतिक लिपी अशी कामे त्यांच्याकडे होती. या दलाच्या नाविक शाखेतून १९४४ साली ‘विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस’ उभी राहिली. हिंदी नौदलाचे मुख्य बंदर मुंबई असल्याने कुलाबा व फोर्ट परिसरात या स्त्रिया दिसत असत. भारतीय स्त्रियांना गणवेश म्हणून साडी नेसण्याची मुभा होती.

त्याच वर्षी, त्याच शहरात आणखी एक बिनतारी यंत्रणा चालू होती. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि २७ ऑगस्टला भूमिगत काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले. जागा बदलत बदलत हे केंद्र चालविणाऱ्या उषा मेहता यांना १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत अटक झाली. पुढे त्यांनी विल्सन महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केले; १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले; २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘ऐ वतन मेरे वतन’ हा हिंदी चित्रपटही आला. तो ज्या वर्षी आला त्याच वर्षी ‘द सिक्स ट्रिपल एट’ आला, हे तुलनेच्या दृष्टीने सोयीचे आहे. दोन्ही चित्रपटांतील स्त्रिया संदेशवहनाचे काम करतात. एकीचे काम साम्राज्याला आव्हान देणारे असल्याने राष्ट्राने तिला आपली मानले. दुसऱ्या साऱ्या जणींचे काम ज्या राष्ट्रासाठी होते त्याने त्यांना दुय्यम मानले, तरी शेवटी तेच त्यांचे राष्ट्र होते. गिरगाव चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतच्या तीन-चार मैलांत साम्राज्याचे संदेश वाहणाऱ्या भारतीय स्त्रीला मात्र असे कोणतेच राष्ट्र लाभले नाही. ज्यांच्यासाठी तिने काम केले ते १९४७ मध्ये निघून गेले. जे आले त्यांच्या दृष्टीने ती चुकीच्या बाजूला होती.

‘चुकीची बाजू’ हा निकष पुरुष सैनिकांना मात्र लावला गेला नाही, हे येथे ठळकपणे सांगावे लागेल. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात पंचवीस लाखांवर पुरुष होते. १९४७ नंतर त्यांच्या पलटणी, त्यांची निशाणे, त्यांचे युद्धसन्मान स्वतंत्र भारताच्या सैन्याने सन्मानाने पुढे नेले. त्यांच्या बाबतीत सेवा आणि सत्ता वेगळ्या करून पाहण्याचे औदार्य राष्ट्राने दाखविले. स्त्रियांचे दल मात्र १९४७ मध्ये विसर्जित झाले आणि त्यांच्या सन्मानाचा वारस म्हणून कोणतेही पथक उरले नाही. अर्थात अभिजात अर्थाने राष्ट्रवादी ठरलेल्या स्त्री-सैनिकांचे स्मरण तरी परिपूर्ण आहे काय, असा प्रश्न उरतोच. आझाद हिंद सेनेची झाशी राणी पलटण एका मराठी घरातील राणीच्या नावाने उभी राहिली. त्यातील बहुसंख्य स्त्रिया मलायातील रबर मळ्यांवरील तमिळ मजूर कुटुंबांतून आल्या होत्या. स्मरणात राहिले ते कॅप्टन लक्ष्मी यांचे नाव. मळ्यांतील मुली समूहचित्रात राहिल्या.

नाविकांचा उठाव आणि एक वाक्य

कुलाब्यातील ‘तलवार’ या नाविक संदेशवहन शाळेत १८ फेब्रुवारी १९४६ रोजी सुरू झालेल्या उठावाचे वर्णन मराठीत व इंग्रजीत विपुल आहे. उठावाच्या कारणांत कमांडर किंग यांच्या वांशिक शिवीगाळीचा उल्लेख सर्वत्र येतो. ही शिवीगाळ ८ फेब्रुवारीची. तिचे निमित्त असे सांगितले जाते, की बराकीजवळून जाणाऱ्या स्त्री-नौदलातील तरुणींना उद्देशून काही खलाशांनी शिट्ट्या मारल्या, आरडाओरड केली; तेव्हा किंग आत शिरले आणि त्यांनी खलाशांना कुली-जंगलींची औलाद म्हणून हिणविले.

उठावाच्या कथनांत या तरुणींच्या वाट्याला येते ते साधारणपणे एवढेच एक वाक्य. त्या कोण होत्या, गोऱ्या की हिंदी, त्या क्षणी त्यांना काय वाटले, पुढच्या पाच दिवसांत त्यांनी काय पाहिले, याकडे कथन वळत नाही. तिथून पुढे गोष्ट खलाशांच्या अपमानाची होते. तो अपमान खरा होता आणि त्यातून उसळलेला संतापही न्याय्य होता, यात शंका नाही. पण एकाच प्रसंगात दोन अपमान होते. पहिला लिंगभेदाचा, दुसरा वर्णभेदाचा. इतिहासाने दुसरा जपला आणि पहिला निमित्तमात्र करून टाकला. उठावातील एक प्रमुख नाविक बी. सी. दत्त यांच्या १९७१ च्या आठवणींपासून प्रमोद कपूर यांच्या २०२२ च्या विस्तृत ग्रंथापर्यंत या घटनेचे लेखन सातत्याने समृद्ध होत गेले आहे. कुलाब्यात उठावाचे स्मारकही उभे आहे. त्या सर्व समृद्धीत गणवेशातील स्त्री हे पात्र नसून प्रसंगाची पार्श्वभूमी आहे.

येथे ॲडम्स यांच्या पुस्तकाचे महत्त्व उलट बाजूने जाणवते. शिवी देणारा अधिकारी दोन्हीकडे आहे. बर्मिंगहॅममध्ये शिवी झेलणारी स्त्री स्वतः निवेदक आहे, त्यामुळे वर्ण आणि लिंग हे दोन्ही अपमान एकाच वाक्यात राहतात, वेगळे करता येत नाहीत. ‘तलवार’च्या कथेत निवेदक पुरुष असल्याने ते वेगळे झाले.

परळ, २२ फेब्रुवारी

उठावाला पाठिंबा म्हणून २२ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत सार्वत्रिक हरताळ झाला. गिरण्या बंद पडल्या. लष्करी वाहने गिरणगावात फिरली आणि गोळीबार झाला. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. परळमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून ठार झाल्या. कुसुम रणदिवे जखमी झाल्या. त्यांच्यासमवेत असलेल्या अहिल्या रांगणेकर बचावल्या. १९७७ साली त्या मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या.

या स्त्रिया गणवेशात नव्हत्या. पण त्या अचानक रस्त्यावर आलेल्या बघ्याही नव्हत्या. १९४३ साली स्थापन झालेल्या परळ महिला संघाने युद्धकाळातील धान्यटंचाई, रेशनिंग आणि काळाबाजार या प्रश्नांवर कामगार वस्तीतील स्त्रियांना संघटित केले होते. मुंबईत रेशनिंग सुरू झाले तेही १९४३ मध्येच. युद्धाचा खरा भार चाळीतील ज्या स्त्रीच्या चुलीवर पडला तिला रांगेत उभे राहण्यापासून मोर्चात उभे राहण्यापर्यंत नेण्याचे काम या संघाने केले. अण्णाभाऊ साठे स्टालिनग्राडवर पोवाडा रचत होते तो हाच काळ. गिरणगावाला दूरची आघाडी माहीत होती आणि जवळचीही.

कमल दोंदे यांचे नाव टिकले, कारण त्यामागे वस्ती होती, पक्ष होता आणि महिला संघटना होती. स्मरण करणारा समाज होता. मात्र हे स्मरण हौतात्म्याच्या क्षणात गोठलेले आहे. रेशनच्या रांगेतील तीन वर्षांचे चिवट काम मागे पडते आणि गोळी पुढे येते. पेरींच्या चित्रपटाविषयी वर जे म्हटले तेच येथे वेगळ्या रीतीने लागू पडते. स्त्रीचे काम मृत्यूच्या तारणावरच स्वीकारले जाते. डाव्या चळवळीच्या स्मरणलेखनालाही या दोषातून पूर्णतः मुक्त म्हणता येणार नाही.

गणवेशाबाहेरील स्त्री

आतापर्यंतच्या विवेचनात एक फरक बाजूला राहिला. अमेरिकेत वर्ण आणि लिंग अशा दुहेरी वंचनेला तोंड देणारी स्त्री गणवेशाच्या आत होती. तिला वेगळ्या बराकीत ठेवले असेल, पण तिला भरती केले होते. मुंबईत जात, वर्ग आणि लिंग अशा तिहेरी वंचनेतील स्त्री भरतीच्या दारापर्यंतही पोहोचू शकत नव्हती. सांकेतिक लिपी, टंकलेखन, टेलिफोन या कामांना इंग्रजी शिक्षण लागे. ते ज्या घरांत पोहोचले होते तेथूनच या दलांतील स्त्रिया आल्या. नायगाव, वरळी, परळ येथील बी. डी. डी. चाळींतील दलित स्त्रीसाठी १९४२ हे वर्ष वेगळ्या कारणाने महत्त्वाचे होते. त्या वर्षी २० जुलैला नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. डॉ. आंबेडकर त्या परिषदेत बोलले.

म्हणून चॅरिटी ॲडम्स यांच्याशी खरी तुलना करायची तर ती कुलाब्यातील नाविक कार्यालयापेक्षा ‘आम्हीही इतिहास घडवला’शी करावी लागते. त्या पुस्तकाचा पहिला भाग इतिहासाची मांडणी करतो, दुसरा चळवळीत प्रत्यक्ष वावरलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींचा आहे. समीक्षेने पहिल्या भागाचा अधिक आधार घेतला. वस्तुतः पुस्तकाची ताकद दुसऱ्या भागात आहे. तेथे भाषा सभेची राहत नाही. घर, नवरा, मुले, कामाची पाळी, सभेसाठी काढलेला वेळ अशा गोष्टी मध्ये मध्ये येतात आणि चळवळीचा काळ घड्याळाच्या काळाशी जोडला जातो. ॲडम्स यांच्या पुस्तकातील पाळ्यांचे वेळापत्रक आणि या मुलाखतींतील दिवसाचा हिशेब यांत एक आंतरिक साम्य आहे. दोन्हीकडे शौर्याला दैनंदिन रूप आहे. २००८ साली वंदना सोनाळकर यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा ते कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मौखिक इतिहासाच्या शेजारी वाचले जाण्याची सोय झाली. मराठी समीक्षेत मात्र असे वाचन तुरळकच झाले.

कुलाब्यातील स्त्रीकडे इंग्रजी होते आणि गणवेश होता, पण तिच्यामागे वारसा सांगणारा समाज नव्हता. नायगावच्या स्त्रीमागे समाज होता, पुढे शब्दही आला, गणवेश नव्हता. अमेरिकेत या तिन्ही गोष्टी, उशिराने का होईना, एकाच स्त्रीच्या ठायी एकत्र आल्या. मराठी स्त्री-आत्मचरित्राची परंपरा रमाबाई रानडे यांच्यापासून बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, उर्मिला पवार यांच्यापर्यंत इतकी संपन्न असताना त्या परंपरेच्या परिचित पटावर महायुद्धातील गणवेशधारी स्त्री उभी राहिली नाही. मराठी कथात्म साहित्यातही महायुद्धाची स्त्री म्हणजे प्रामुख्याने विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मधील हॅर्टा, युद्धाने उद्ध्वस्त केलेली, परकी, आणि पुरुष निवेदकाच्या पश्चात्तापातून दिसणारी.

विस्मरणाचे कायदेशीर मूल्य

येथवरची चर्चा वाङ्मयीन वाटेल. तिचे परिणाम तसे राहिले नाहीत. अमेरिकेत १९४८ च्या जूनमध्ये स्त्रियांना सैन्यात कायम स्थान देणारा कायदा झाला आणि जुलैमध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा आदेश काढला. अंमलबजावणी संथ होती, पण युद्धातील सेवेचा दाखला कायद्याच्या भाषेत उतरला. भारतात नेमके उलटे घडले. १९५० च्या सेना अधिनियमाच्या कलम १२ ने केंद्र सरकार अधिसूचित करील तेवढे अपवाद सोडून स्त्रियांना सैन्यभरतीस अपात्र ठरविले. १९५७ च्या नौदल अधिनियमातही तशीच तरतूद आली. परिचारिका आणि डॉक्टर यांच्यापलीकडे स्त्रियांना वाट मिळाली ती १९९२ मध्ये, म्हणजे पहिले दल विसर्जित झाल्यावर पंचेचाळीस वर्षांनी; आणि तेव्हा ती ‘प्रथमच’ मिळाल्यासारखी साजरी झाली.

कायम नेमणुकीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० रोजी लागला. नौदलाविषयीचा १७ मार्च २०२० रोजी. ग्रामीण पार्श्वभूमीचे जवान स्त्रीचा हुकूम मानण्यास मानसिकदृष्ट्या तयार नाहीत, असा मुद्दा सरकारच्या वतीने मांडला गेला. शारीरिक मर्यादा आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या यांचाही आधार घेतला गेला. न्यायालयाने या युक्तिवादांत रूढ लिंगभेदी समजुती दिसतात असे म्हणून ते फेटाळले. निकाल निःसंशय महत्त्वाचा आहे. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार उघडले आणि २०२५ च्या मे महिन्यात खडकवासला येथून १७ स्त्री-छात्रांची पहिली तुकडी बाहेर पडली.

पुरुष स्त्रीचा हुकूम मानतील काय, हा प्रश्न बर्मिंगहॅममधील तपासणी अधिकाऱ्यानेही वेगळ्या शब्दांत विचारला होता आणि त्याचे उत्तर पंचाहत्तर वर्षांपूर्वीच दिले गेले होते. अमेरिकन वकिलाला त्यासाठी एक पुस्तक संदर्भादाखल पुढे करता आले असते. भारतीय बाजूने स्त्रियांची योग्यता सिद्ध करण्यासाठी निकालपत्रात अधिकाऱ्यांच्या कर्तृत्वाची जी यादी येते ती १९९२ नंतर सैन्यात आलेल्या स्त्रियांची आहे. १९४५ च्या जूनमध्ये स्कॉटलंडमधील रोसाइथ येथे काढलेले एक छायाचित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. हिंदी स्त्री-नौदलातील सेकंड ऑफिसर कल्याणी सेन त्यात साडीच्या गणवेशात, ब्रिटिश सहकारी अधिकारी मार्गारेट कूपर यांच्यासोबत उभ्या आहेत. ब्रिटनला भेट देणारी पहिली भारतीय स्त्री-सैनिक, अशी त्यांची नोंद छायाचित्राखाली केलेली आहे.